रद्दीत काही आलं का

साधना रडली नाही, ही गोष्ट मखमलाबादच्या निम्म्या गावाला ठाऊक होती आणि उरलेल्या निम्म्याला पुतळाबाईंनी सांगितली होती. पुतळाबाई म्हणजे साधनाची आत्या. त्यांच्या तोंडात तीळही भिजत नसे, मग एवढी मोठी बातमी कुठून राहणार? पाठचा सख्खा भाऊ गेला, पंचविशीही न गाठता गेला, मागे बायको आणि दुडूदुडू चालणारी पोर ठेवून गेला, आणि बहिणीच्या डोळ्याला टिपूस नाही. "सिन्नरला जाऊन पोरगी दगड झाली," असं पुतळाबाई म्हणाल्या. हे त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, पण त्यांचा दबका आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो.

साधनाला त्याचंही काही वाटलं नाही. खोटं कशाला बोला, तिला तेव्हापासून कशाचंच काही वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई टोचतो, मग गाल आपला असून आपला राहत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. राज गेल्याचं कळलं त्या दिवशी घरी जमलेल्या माणसांचा चहा तिनं केला. बिनसाखरेचा कुणाला ते विचारून केला. बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या तेव्हा ती कपबशा विसळत होती. सिन्नरला परत गेल्यावर नवऱ्यानं, महेशनं, दोन-तीनदा जवळ बसून विचारलं. तिनं त्याला सांगितलं की पीठ संपलंय, गिरणीत जाऊन या. तो बिचारा गेला. दुसरं काय करणार होता?

पण एक गोष्ट तिला बधिरपणातही टोचत होती. आई तिच्याशी बोलत नव्हती.

नवसाबाईंचा अबोला मोठा चमत्कारिक होता. साधना समोर पाटावर बसलेली असायची आणि त्या सुनेला म्हणायच्या, "प्रतिभा, तिला म्हणावं, भाकर घे अजून." प्रतिभा बिचारी या दोघींच्या मधल्या टेलिफोनच्या तारेसारखी झाली होती. साधना वर्षभरात तीन-चारदा माहेरी आली, तितक्यांदा तसंच परत गेली. आईला तोंड दाखवायची लाज वाटते का आपल्याला, हे तिनं स्वतःला विचारून पाहिलं. जीपमध्ये बसली की ती खिडकीतून कांद्याच्या गोण्या बघत राहायची.

तर वर्षश्राद्ध जवळ आलं, तेव्हा प्रतिभाचा फोन आला.

"ताई, आई म्हणत्यात, चार दिस आधीच या."

"का गं?"

"ह्यांची पुस्तकं बघायचीत. पेटीतली, चित्रांची. आई म्हणत्यात, ती सगळी वाचून बघ आणि काही राह्यलंय का सांग. तुमच्याशिवाय कुणाला कळायचं नाय त्यातलं."

साधनाला कारण सांगावं लागलं नाही. दहाव्याला कावळा शिवला नव्हता.

गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, पिंड मांडला, सगळे मागे सरले, आणि कावळे समोरच्या भिंतीवर ओळीनं बसले ते बसूनच राहिले. नाशकातले कावळे एरवी इतके निर्लज्ज, की मांडणाऱ्याचा हात निघायच्या आत चोच मारतात. त्या दिवशी त्यांनी जणू उपास धरला होता. मग जी रीत आहे ती सुरू झाली. गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल ते ओळखायचं आणि मोठ्यानं शब्द द्यायचा. वडील, बहिरूआबा, पुढे होऊन म्हणाले, "राज, सूनबाईला लेकीसारखी ठेवीन." कावळे बसलेलेच. चुलतभाऊ वाल्मीक म्हणाला, "पॉलीहाऊस मी बघतो, गुलाब सुकू देणार नाय." एक कावळा मान वाकडी करून बघून घेऊन पुन्हा बसला. प्रतिभा म्हणाली, "आपल्या निकिताला लय शिकवीन." मग पुतळाबाईंनी साधनाला कोपरानं ढोसलं. ती पुढे झाली आणि म्हणाली, "मी येत जाईन." बस सुटायच्या आधी म्हणतात तसं म्हणाली. कावळ्यानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही यात नवल नव्हतं. गुरुजींच्या मागे आणखी पिंड ताटकळले होते. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि विधी उरकला.

सगळे बोलले. नवसाबाई तेवढ्या बोलल्या नाहीत. पण आईला त्या वेळी कोण बोल म्हणणार?

साधना आली. दुपारचं जेवण झाल्यावर प्रतिभानं शेडमधली पत्र्याची पेटी ओढून दिली. ही शेड म्हणजे फुलं बांधायची जागा. पॉलीहाऊस झाल्यापासून गुलाब पुठ्ठ्यात आणि प्लॅस्टिकच्या नळ्यांत जात होते, पण साधनाच्या लहानपणी, ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला, उघड्या वावरातला गुलाब असायचा आणि तो वर्तमानपत्रात गुंडाळून बाजारात जायचा. त्यासाठी रद्दी लागायची, तीही किलोनं. पंचवटीत केरू नावाच्या माणसाचं रद्दीचं दुकान होतं, तिथून आबा आठवड्याला गठ्ठा आणायचे. आणि त्या गठ्ठ्यात कधी कधी 'वज्रदळ' हे चित्रकथांचं पुस्तक सापडायचं.

शहरातल्या पोरांनी वज्रदळ स्टॉलवरून विकत घेतलं असेल, वाचून टाकलं असेल, त्यांच्या आयांनी रद्दीत घातलं असेल. राज आणि साधनाला ते गुलाबांच्या वाट्याचं मिळालं. सात जणांचं दळ. सेनानी हा म्होरक्या. वावटळ ही वाऱ्यावर स्वार होणारी पोरगी. डोंगऱ्या डोंगर उचलणारा, पारा कुठल्याही फटीतून वाहून जाणारा, निनाद ओरडून भिंती पाडणारा, हिमा नदी गोठवणारी. आणि सातवा काजवा. काजव्याच्या अंगात ताकद म्हणून नव्हती. तो फक्त उजळायचा. अंधार आला की बाकीचे सहाजण आपापल्या सामर्थ्यासकट चाचपडत उभे राहायचे आणि काजवा पुढे व्हायचा. रागावून कुणाला मारता येत नसे त्याला. राजला तोच आवडायचा.

गठ्ठा आला की दोघं भावंडं त्याच्यावर तुटून पडत. नवसाबाईंचा नियम एकच होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. नवं सापडलं तर पोरांचं. एकासारखं दुसरं आलं तर ते फुलांना. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मुखपृष्ठावरचं चित्र बघून त्या बरोबर सांगत, "हे हाय आपल्याकडं. टाक तिकडं." शाळेतून यायला उशीर झाला की राज दप्तर पाठीवर असतानाच शेडच्या दारातून विचारायचा, "आई, रद्दीत काही आलं का?"

हा प्रश्न त्यानं पुढे जन्मभर विचारला. मिसरूड फुटलं तरी विचारला. रद्दी बंद होऊन पुठ्ठे आले तरी किराण्याच्या पुडीकडे बघून विचारला. लग्नात अंतरपाट धरलेला असताना तांदळाची पुडी बघून त्यानं तो मान वळवून विचारला, आणि मंगलाष्टकं म्हणणाऱ्या गुरुजींनाही हसू फुटलं. सगळ्या घराची ती गंमत होऊन बसली होती.

साधनानं पेटी उघडली. वरचं पुस्तक घेतलं, पहिल्या पानापासून वाचलं, उजव्या हाताला ठेवलं. दुसरं घेतलं. डाळ निवडायला बसावं तशी ती वाचत होती. खडा सापडला तर काढायचा, नाही सापडला तर पुढची मूठ. रंग उडाले होते. काही पानांना काट्यांची भोकं होती, काहींवर पाण्याचे गोल डाग, आणि एका अंकात पाकळी दबून कागदाला चिकटून राहिली होती, तिचा रंग चहासारखा झाला होता. मजकूर भाबडा होता. खलनायक प्रत्येक वेळी आपला बेत आधी सविस्तर समजावून सांगायचा आणि मग पकडला जायचा. चौदाव्या वर्षी तिला हे कसं खरं वाटलं असेल याचं तिला आता नवल वाटायला हवं होतं. तेवढंही वाटलं नाही.

प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला हजेरी असायची. सेनानी एकेकाचं नाव घ्यायचा आणि ज्याचा तो म्हणायचा, "हजर." दसऱ्या-दिवाळीला पहाटेपासून सगळं घर फुलं बांधायला बसे, तेव्हा राज ती हजेरी घ्यायचा. सेनानी तो नसायचाच, ते काम साधनाकडे होतं. हजेरी मात्र काजवाच घ्यायचा. आबा ओरडून बोलायचे म्हणून ते निनाद. वाल्मीक कामाच्या वेळी कुठल्या फटीतून सटकायचा कळायचं नाही म्हणून तो पारा. आणि आई डोंगऱ्या, कारण ती दोन्ही काखांना दोन करंड्या घेऊन टेम्पोपर्यंत जायची. "डोंगऱ्या?" राज विचारायचा. नवसाबाई दातात सुतळी धरून म्हणायच्या, "हाय रे बाबा, हजर." त्यांना ते दळबिळ काय कळत होतं देव जाणे, पण हजेरी त्यांनी चुकवली नाही.

हे आठवत असताना साधनानं डोळ्यांना हात लावून पाहिला. कोरडे होते. तिनं पुढचं पुस्तक घेतलं.

तीन दुपारी अशा गेल्या. नवसाबाई शेडच्या दारात येऊन उभ्या राहायच्या, बोलायच्या नाहीत, परत जायच्या. एकदा त्यांनी निकिताला पाठवलं. ती पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून, निम्मं पाणी सांडत आली, पेटीत डोकावली आणि निघून गेली.

चौथ्या दिवशी पेटीच्या तळाशी शेवटचा अंक राहिला. 'पाताळगडाचा दरवाजा.' मुखपृष्ठावर भलंमोठं काळं लोखंडी दार, वरून खाली कोसळणारं. हा अंक तिला पाठ होता. दळ पाताळगडात शिरतं, कैद्यांना सोडवतं, परतताना दिवे विझतात. काजवा दाराशी उभा राहून उजळतो, म्हणजे बाकीच्यांना वाट दिसावी. एकेक जण बाहेर पडतो. सहावा बाहेर पडतो आणि दार कोसळतं. शेवटच्या चौकटीत काळं दार आणि त्याच्या खालच्या फटीतून येणारी पिवळी रेघ. खाली लिहिलंय, काजव्याचं काय झालं, वाचा पुढच्या अंकी.

पुढचा अंक त्यांना कधी मिळाला नाही. त्या वर्षापासून रद्दीत वज्रदळ यायचंच थांबलं. छापणारे बुडाले असतील, असं साधना म्हणायची. राज म्हणायचा, येईल. फुलं बांधताना तो तिच्या मागे लागायचा, तू सांग पुढचं. मग ती रचून सांगायची. कधी हिमा दार गोठवून फोडायची, कधी पारा फटीतून आत जायचा. एकदा कशावरून तरी भांडण झालं तेव्हा तिनं सांगितलं, "मेला काजवा. आतच मेला." तो दोन दिवस जेवला नाही. मग तिनंच त्याला समजावलं की ते खोटं होतं, खरं काय ते पुढच्या अंकात आहे.

दवाखान्यातही तेच. ताप आला, पेशी उतरल्या, आणि गावातल्या डॉक्टरनं हात वर केल्यावर त्याला शहरात मोठ्या दवाखान्यात नेलं. आयसीयूत नेताना नवसाबाईंच्या हातात केळी होती, कागदात गुंडाळलेली. स्ट्रेचरवरून राज त्या कागदाकडे बघून हसला. ओठ सुकले होते. "आई," तो म्हणाला, "रद्दीत काही आलं का?" वॉर्डबॉयनं स्ट्रेचर आत घेतलं आणि दार आपोआप मिटलं. त्या दाराला मध्ये एक काच होती, आतला उजेड दिसायचा, माणूस दिसायचा नाही. साधना आणि आई त्या दाराबाहेर बाकावर बसून राहिल्या. साधनाचं जे काही बंद पडलं ते तिथेच पडलं असावं.

तिनं अंक मिटला आणि गठ्ठ्यावर ठेवला. दारात सावली पडली. नवसाबाई आत आल्या, रिकाम्या करंडीवर बसल्या, आणि वर्षात पहिल्यांदा लेकीशी थेट बोलल्या.

"समदी हायेत?"

"हायेत."

"शेवटचं?"

साधनानं दाराचं चित्र दाखवलं. "हे शेवटचं. ह्याच्या पुढचं निघालंच नाय, आई."

नवसाबाईंनी ते पुस्तक मांडीवर घेतलं. काळ्या दारावरून हात फिरवला. त्यांचा अंगठा काट्यांनी चिरून चिरून खरबरीत झालेला, तो कागदावर वाजत होता.

"निघालं होतं," त्या म्हणाल्या.

"कधी?" साधनानं विचारलं.

"दसऱ्याच्या आदल्या दिशी. तुम्ही दोघं झेंडू तोडाया गेला होता. बाजाराला उशीर झालेला, तुझा बाप टेम्पोत बसून बोंबलत होता. रद्दी संपत आलेली. खालून एक पुस्तक निघालं. हेच दार. मला वाटलं, हे तर हाय आपल्याकडं, पेटीत ठेवलंय पोरानं. मंग काय, एकासारखं दुसरं फुलांना. फाडलं न एकेका पानात एकेक जुडी बांधली. वरचं जाड पान शेवटाला राह्यलं. ते हातात घेतलं तवा नीट दिसलं. दार तेच, पण उघडं होतं. न माणसं बाहीर होती, उन्हात."

बाहेर मोटार सुरू झाली आणि पाइपात पाणी चढू लागलं.

"तवर आतली पानं टेम्पोत गेली होती. फुलांच्या खाली. वरचं पान ठिवून तरी काय करू? शेवटच्या जुडीला कागद नव्हता. त्याच्यातच बांधली. पण बांधायच्या आधी मोजली मी माणसं. हाताला सवयच मोजायची. सात होती."

"आई, मग सांगितलं का नाय त्याला?"

"संध्याकाळी आला तो, न दारातूनच इचारलं, रद्दीत काही आलं का. मी म्हनलं, नाय. लय रडला असता. म्हनलं, दोन दिस जाऊ देत, मंग सांगू. मंग दिवाळी आली. मंग तू लग्नाला आली. मंग त्याची गंमतच झाली. मोठा बाप्या झाला तरी इचारायचा. मला वाटायचं, इचारतोय तवर बरं हाय. सांगितलं तर इचारायचा थांबंल."

साधनाच्या डोक्यात हे सगळं नीट शिरत होतं. प्रत्येक शब्द जागच्या जागी जाऊन बसत होता. फक्त त्याच्यापुढे काही होत नव्हतं.

"न दवाखान्यात इचारलं त्यानं," आई म्हणाली. "तवा सांगायला पाहिजे होतं. तोंडाशी आलं होतं. तवर ते दार लागलं." त्यांनी पुस्तक साधनाकडे परत दिलं. "गंगेवर कावळा शिवला नाय तवाच मला कळलं. पन येवढ्या लोकांत काय सांगू? मी पोराचं पुस्तक फाडलं म्हनू? लोक हसले असते. न तू तिथं उभी. डोळ्यात पानी नाय. मला वाटलं, हिला समजलंय. हिला समदं समजलंय न ही माझ्याकडं बघती."

म्हणजे वर्षभर आई तिला घाबरत होती. आपण आईच्या रागाला भ्यायलो आणि आई आपल्या कोरड्या डोळ्यांना भ्यायली. एका घरातल्या दोन शहाण्या बायका, आणि दोघी एकमेकींपासून पदराआड. हे कळलं तेव्हा साधनानं काहीतरी म्हणायला हवं होतं. सात म्हणजे सगळेच आले आई, एवढं तरी. ते तिच्या लक्षातही आलं. पण तोंडापर्यंत पोचेना. प्रतिभानं चुलीपासून हाक मारली, "ताई, तांदूळ किती घेऊ?" आणि साधना उठली. "आले," म्हणाली, पेटीचं झाकण लावलं आणि तांदूळ मोजायला गेली. नवसाबाई करंडीवर तशाच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं. गुरुजी येऊन गेले. खीर, वडे, भाज्या, राजला आवडायची ती मेथीची भाजी. केळीच्या पानावर सगळं थोडं थोडं वाढून आबांनी ते पान गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवलं. घरचे लोक, भाऊबंद, शेजारचे दोघे-तिघे जिन्यापाशी उभे राहिले. खाली पॉलीहाऊसचं पांढरं प्लॅस्टिक उन्हात चमकत होतं. वाल्मीकनं शब्द पाळला होता, गुलाब जोरात होते.

विजेच्या खांबावर एक कावळा होता. तो पानाकडे बघेना.

थोडा वेळ गेला. कुणीतरी "काव काव" करून पाहिलं. मेथीवर माशी बसली. आबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, सूनबाईला लेकीसारखी ठेवली, ठेवीन. प्रतिभानं निकिताला कडेवर घेतलं आणि शाळेचं म्हणाली. पुतळाबाईंनी उसासा सोडला, असा की सगळ्यांना ऐकू जावा, आणि साधनाकडे बघितलं. साधना बघत होती कठड्याच्या सिमेंटकडे. आता दर्भाचा कावळा करायला गुरुजीही नाहीत, एवढंच तिच्या मनात आलं.

तेवढ्यात नवसाबाई पुढे झाल्या. पदर खोचला, जशा करंड्या उचलायच्या आधी खोचायच्या तसा. पानापासून दोन हात अंतरावर उभ्या राहिल्या, खांबाकडे बघितलं आणि मोठ्यानं, सगळ्या भाऊबंदांसमोर, म्हणाल्या:

"राज, रद्दीत आलं होतं रे. मीच तुला नाय म्हनलं. फुलांना बांधलं मी ते. चुकलं माझं. दार उघडलं होतं बघ. समदे बाहीर उन्हात उभे होते. सात. मी मोजले."

कुणी हसलं नाही. कुणाला काही कळलंच नाही, तर हसणार कशाला? पुतळाबाईंनी शेजारणीकडे बघून कपाळाशी बोट नेलं. आबा खाली बघत होते.

नवसाबाई वळल्या. त्यांना कावळ्याचं काही पडलेलं दिसेना. त्या लेकीकडे बघत होत्या, आणि कालपासून हा प्रश्न त्यांच्या पोटात असणार, कारण विचारताना त्यांचा आवाज फाटला.

"सातच होते ना गं ते? का कुणी आत राह्यलं?"

साधनानं तोंड उघडलं. हजेरी तिच्या कानात सुरू झाली, पोरसवदा आवाजात, एकामागून एक, आणि शेवटचं नाव घेणारा स्वतःच स्वतःला हजर म्हणायचा आणि खदाखदा हसायचा, तेही ऐकू आलं.

"सातच, आई," ती म्हणाली. "सातच असतात. कुणी आत नाय राह्यलं."

आणि मग जे वर्षभर आलं नव्हतं ते आलं. आधी तिला कळेना काय होतंय. छातीतून काहीतरी धक्के देत वर आलं, ती गच्चीच्या तापलेल्या फरशीवर बसली आणि मोठ्यानं रडली, लहान पोर रडतं तशी, तोंड न झाकता. नवसाबाई तिच्याजवळ खाली बसल्या. त्यांनी तिचं डोकं आपल्या कुशीत ओढलं आणि त्या तिच्या पाठीवरून खरबरीत हात फिरवत राहिल्या. "असू दे," त्या म्हणत होत्या. "असू दे गं, साधे, असू दे."

"शिवला," पुतळाबाई म्हणाल्या. "अगं, शिवला बघा. वडा घेऊन गेला."

दोघींपैकी कुणीही वर बघितलं नाही.